हिराजीचा शेवटचा रन

हिराजी म्हात्रे तुम्हाला भेटला असता तर त्याने नमस्कार केला नसता. आधी तुमच्या स्कूटरवर टिचकी मारली असती, कान देऊन ऐकलं असतं आणि मान हलवून म्हणाला असता, "आत ताण हाय." तुम्ही कोण, कुठले, ही चौकशी त्यानंतर.

नव्वदच्या दशकात रोह्याजवळ धाटावला आमची फॅब्रिकेशनची शेड होती. कंपन्यांना लागणाऱ्या टाक्या बनवायचो. मी डिप्लोमा करून आलेला तपासनीस, म्हणजे दुसऱ्याच्या कामात चुका काढण्याचा पगार घेणारा माणूस. हिराजी वेल्डर. पेणच्या खाडीकाठचा, पन्नाशीचा, बिनलग्नाचा. हातात कायम गोल तोंडाची हातोडी. जेवतानासुद्धा ती डब्याशेजारी असायची.

"दोन पत्रे जोडले म्हंजे सुखी झाले असा नाय, सायेब," तो मला शिकवायचा. "जोड थंड व्हताना आवलतो. दोगांना वडतो. वरना दिसत नाय, पन आत ताण बसतो." म्हणून वेल्डिंगचा प्रत्येक थर, आमच्या भाषेत रन, गरम आहे तोवर तो हातोडीने हलके हलके ठोकून काढायचा. त्याने धातू जरा पसरतो, ताण उतरतो, पत्रा वाकडा होत नाही. मी हे पुस्तकात वाचून विसरलो होतो.

ठोकण्याचे त्याचे नियम कडक. पहिला रन ठोकायचा नाही, तो कोवळा असतो. शेवटचा तर अजिबातच नाही. का, असं विचारलं की उठून बिडी पेटवायचा.

हे ज्ञान शेडपुरतं राहिलं असतं तर माझे हाल कमी झाले असते. हमरापूरला गणपती ठरवायला त्याला बरोबर नेलं, तर त्याने कच्च्या मूर्तीच्या पोटावर टिचकी मारली. "मामा, देव हाय तो, टाकी नाय," मूर्तिकार ओरडला. "माती बी सुकताना आवलते," हिराजी शांतपणे म्हणाला, "सोंड सांबाला." चार दिवसांनी सोंडेला चीर गेली. मूर्तिकाराने खापर टिचकीवर फोडलं आणि आम्हा दोघांनाही त्याच्या कारखान्याची दारं बंद झाली. एका लग्नात अक्षता पडल्या पडल्या याने नवऱ्याच्या बापाला बाजूला घेतलं. "पयलं वरीस ठोकाठोकी करू नका," म्हणाला, "जोड कोवला हाय." आम्ही पंगतीआधीच निघालो.

मग मोठ्या टाकीचं काम आलं. गिऱ्हाईक बघायला येणार, म्हणून मालकाने फर्मावलं की शेवटचा रन ठोकून गुळगुळीत कर. हिराजी म्हणाला, "नाय." मालक म्हणाला, "मग घरी जा." हिराजीने हातोडी पिशवीत टाकली आणि खरंच घरी गेला.

दुसऱ्या कुणाला ते काम झेपेना. मालकाने त्याला समजावून आणायला मला पिटाळलं. हक्काचा रविवार गेला म्हणून मी चरफडत पेण गाठलं. हिराजीच्या दाराला कुलूप. शेजारी म्हणाला, "आयतवारी वयनीकडं असतो तो." वहिनी म्हणजे त्याच्या वारलेल्या मोठ्या भावाची, जोमाची, बायको.

तिच्या ओटीवर हिराजी बसला होता. मला बघून उठला. "मालकानं धाडला ना? चला, बांधावर चला."

मिठागराच्या बांधावर वाऱ्याला पाठ करून तो बोलला. "वेल्डिंग मना जोमानं शिकवली. दुसऱ्या शेडमधी आमी दोगं येका टाकीवर व्हतो. बघाया मानसा येनार म्हून मी शेवटला रन ठोकून आरशासारखा केला. बारीक चीर व्हती त्यात, सायेब. ठोकली नि वरना मिटली. तुमच्यासारख्या तपासनाऱ्यानं बघून पास केला. दुसऱ्या दिशी पान्याऐवजी हवा भरून टाकी तपासली. जोमा बाजूला उभा व्हता."

पुढचं त्याने सांगितलं नाही. हवेच्या दाबाने फुटलेली टाकी बाजूच्या माणसाचं काय करते, हे आमच्या धंद्यात कुणाला सांगावं लागत नाही. चिरा बघण्याचाच मी पगार घेत होतो, आणि शेवटचा रन चकचकीत दिसला की मीही खूश व्हायचो. मला लाज वाटली.

"पत्रा खराब व्हता असा सगल्यांनी ठरवला. वयनीला बी तोच ठाव. नव वरसं झाली. दर आयतवारी तिला सांगाया येतो. तोंड उगडतो, आन् तवाच तिचा कायतरी काम निगतो."

मी म्हणालो, "सोमवारी या. रन आहे तसाच तपासतो. मालकाचं मी बघून घेतो."

परत आलो तर वहिनीने त्याला हंडा देऊन विहिरीवर पाठवलं आणि मला चहा दिला. "भाऊजींनी सांगितला ना तुमाला?"

मी कप खाली ठेवला.

"मना ठाव हाय," ती म्हणाली. "आदल्या राती जेवताना आमचे हे कवतिक करत व्हते, हिरानं टाकी आरसा केली म्हून. नि हे गेल्यावर भाऊजी गावभर सांगत सुटले, शेवटला रन ठोकू नका. मना येवडा बी कलत नाय?"

"मग त्यांना बोलू का देत नाही?"

"येकदा सांगितला का परत तोंड दाखवायचे नायत. वलखते मी त्यांना. मना पोर ना बाल. आयतवारचा तेवडा येक मानूस येतो."

हिराजी आला. हंडा ठेवला, पंच्याने मान पुसली, खाली बसला आणि दोनदा खाकरला. "वयनी, येक सांगायचा व्हता."

"भाऊजी," ती मान वर न करता म्हणाली, "आदी अंगनातले बोंबील उचला, कावले येतील."

बोंबील केव्हाच उचलून झाले होते. भरलेली टोपली दाराशीच होती. हिराजीने टोपलीकडे पाहिलं, मग वहिनीकडे. तिने पदराने डोळे टिपले, चुलीकडे तोंड करून. तो उठला, टोपली उचलून अंगणात गेला आणि एकेक बोंबील पुन्हा उन्हात मांडू लागला.