शनिवारी ठोकलेली केबिन

नोव्हेंबरातल्या ज्या सकाळी अजमानच्या फ्लॅटमधला एसी कित्येक महिन्यांनी बंद करता आला, त्याच सकाळी विजयकुमारांनी जाहीर केलं, "मी केबिन बांधणार. लाकडाची. पाण्याकाठी. स्वतःच्या हातांनी."

"कुणाच्या हातांनी?" प्रमिलाबाईंनी विचारलं. (ऐकू आलं होतं, खात्री करून घेत होत्या.)

विजयकुमार बावीस वर्षं एका शिपिंग कंपनीत 'काइंडली डू द नीडफुल' असे मेल पाठवत होते, आणि नीडफुल दुसरंच कुणीतरी करत होतं. हे मी केलं, असं बोट ठेवून दाखवावं अशी एकही वस्तू त्यांच्या नावावर नव्हती. हे त्यांना मनापासून खुपत होतं. त्यात उन्हाळाभर त्यांनी कॅनडातल्या तळ्याकाठी एकट्यानं घर बांधणाऱ्या दाढीवाल्यांचे व्हिडिओ पाहिले. तळं काही मिळालं नाही, पण उम्म अल कुवैनच्या खाडीकाठी ओळखीच्या एका अरबाच्या फार्मचा कोपरा मिळाला. "यल्ला हबीबी, बांध," मालक म्हणाला. दाढी मात्र प्रमिलाबाईंनी वाढवू दिली नाही.

पहिल्या शनिवारी चार खांब उभे राहिले. चौघांची तोंडं चार दिशांना.

"बाबा, इट्स लीनिंग," लेक अस्मिता म्हणाली.

विजयकुमारांनी रविवार कमरेला बाम चोळून झोपून काढला. पुढच्या शनिवारी जाऊन बघतात तर खांब ताठ, वाकलेले खिळे सरळ!

"लाकूड बसलं," ते गंभीरपणे म्हणाले. "जिवंत वस्तू आहे. आठवडाभरात आपली जागा घेते."

प्रमिलाबाई मुकाट्यानं गाडीतून पिठलं-भाकरीचे डबे काढत राहिल्या. (खरं काय ते आपल्यात सांगतो. त्यांच्या माहेरच्या, पाटणकडच्या गावचा किसन शारजात शटरिंगचा सुतार होता आणि त्याला रविवारची सुट्टी असे. त्याला त्यांनी फोन केला होता: "छप्पर डोक्यात पडायच्या आत येऊन जा बाबा. पण दाजींना कळू देऊ नकोस. फार जीव लावलाय त्यांनी.")

मग हे असंच चाललं. शनिवारी विजयकुमार ठोकायचे, रविवारी लाकूड बसायचं. डिसेंबरात भिंती बसल्या, जानेवारीत छप्पर बसलं. संध्याकाळी व्हरांड्यात चहा घेत खाडीतले फ्लेमिंगो बघताना विजयकुमारांना आपले हात पुन्हा पुन्हा न्याहाळावेसे वाटत. ऑफिसात ते लोकांना लाकडाच्या स्वभावाबद्दल सांगू लागले. सांगता सांगता त्यांनी मराठी मंडळाच्या तीसेक लोकांना तिळगुळाला केबिनवर बोलावून टाकलं. रविवारी.

प्रमिलाबाईंनी किसनला जेवायला बोलावलं होतं. ज्यानं घर उभं केलं त्याला उपाशी ठेवायचं कसं? विजयकुमारांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला तो अनोळखी माणूस दारात पाहिला आणि म्हणाले, "केटरिंगचा ना तू? त्या खुर्च्या आत घे."

किसननं बावीस खुर्च्या आत घेतल्या.

प्रमिलाबाई स्वयंपाकात होत्या, नाहीतर तिथेच थांबवलं असतं. इकडे विजयकुमारांचं भाषण रंगात आलं. "लाकडावर जबरदस्ती करायची नाही! ए, ती फळी धर जरा. हां. आता बघा, हातोडा असा धरायचा." किसननं फळी धरली. विजयकुमारांनी दोन घाव घातले. खिळा आडवा झाला.

"काळजी नको," ते हसून म्हणाले. "शनिवारपर्यंत आपोआप सरळ होतो."

फार्म सांभाळणारा मुश्ताक कौतुकानं ऐकत होता. तो पुढे आला. "साहब, सटरडे तक क्यूँ? मिस्त्री तो यही खड़ा है. हर संडे को सीधा तो यही करता है ना!"

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि तीसही जण सुटले.

विजयकुमार मागच्या दारानं खाडीपर्यंत गेले. लोक हसले त्याचं एवढं नव्हतं. त्या माणसाला हातोडा कसा धरायचा ते आपण शिकवलं, आणि त्याआधी खुर्च्या उचलायला लावल्या, याची इतकी लाज वाटत होती की पाण्यात उडी मारावीशी वाटली. (ओहोटी होती. घोटाभर पाणी.)

मागून किसन तिळगूळ घेऊन आला. "दाजी, मी किसन, ताईंच्या गावचा. चुकलं माझं. त्यांचा शब्द मोडवंना."

"तुझं काय चुकलं? मीच मूर्ख. खुर्च्यांबद्दल माफ कर, किसन."

"त्यात काय एवढं? साइटवर आक्खी बिल्डिंग उचलतो."

विजयकुमारांनी तिळगूळ तोंडात टाकला. बराच वेळ चघळला. मग मान वर न करता विचारलं, "खरं सांग. या सगळ्या केबिनमध्ये माझं असं काही राहिलंय का रे?"

किसननं मागे वळून केबिनकडे नीट पाहिलं. पायापासून छपरापर्यंत. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"हाय की, दाजी! खिळे. समदे खिळे तुमचेच हायेत."

विजयकुमारांचा चेहरा उजळला. "म्हणजे मी ठोकलेले?"

"न्हाई," किसन म्हणाला. "तुम्ही आणलेले."