एकतीस नंबरचा हललेला नवलकोल

'शांत कोपरा' बागवसाहतीच्या नियमावलीत दोनशे सहा कलमं होती आणि त्यातलं एकही कलम माणसाला त्रास व्हावा म्हणून केलेलं नव्हतं. त्रास हा अंमलबजावणीचा भाग होता.

लाइप्झिग शहराच्या कडेला, रेल्वेच्या रुळांपलीकडे, ही वसाहत होती. कुंपणांनी आखलेले बासष्ट प्लॉट, प्रत्येकात एक लाकडी खोपटं, थोडी हिरवळ आणि भाजीचे वाफे. प्लॉटच्या एकतृतीयांश जागेत भाजी किंवा फळं असलीच पाहिजेत, हे कलम चार. ज्याची भाजी कमी भरेल त्याचा प्लॉट मंडळ परत घेणार आणि प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला देणार. यादीत चारशे नावं होती. त्यातली काही माणसं यादीतच म्हातारी झाली होती.

रोझविता पेट्झोल्डबाईंकडे एकतीस नंबरचा प्लॉट चव्वेचाळीस वर्षं होता. नवलकोल, घेवडा, गाजरं, शेपू, आणि मागच्या कुंपणाला चेरीचं एक झाड. खोपटात खिळ्याला त्यांच्या नवऱ्याचा, लोथारचा, फोटो टांगलेला होता. पहिल्या हंगामातला भोपळा हातात धरून तो उभा होता. फोटो सपशेल हललेला होता, कारण तो काढताना बाईंना हसू आवरेना. भोपळा कुठे संपतो आणि लोथार कुठे सुरू होतो हे परक्या माणसाला सांगता आलं नसतं. बाईंना कधी अडचण आली नाही.

पूर्वी पाहणीची एक पद्धत होती. जुलैतल्या पहिल्या शनिवारी मंडळाची तीन माणसं टेप घेऊन एक नंबरपासून निघत. प्रत्येक प्लॉटवर ऱ्हुबार्बच्या आंबट देठांचा केक आणि घरची चेरीची दारू असे, आणि नाही म्हणणं हा यजमानाचा अपमान समजला जाई. बाराव्या प्लॉटपर्यंत टेप सरळ धरली जाई. विसाव्याला ती गुंडाळून खिशात जाई. एकतिसाव्या प्लॉटवर पोचेपर्यंत समितीला एका नवलकोलाच्या जागी दोन दिसत, आणि काही वर्षी बाईंची एकतृतीयांश भाजी दोनतृतीयांश भरली होती. कुणाची तक्रार नव्हती.

मग उलरिख लोबेक अध्यक्ष झाले. लोबेकसाहेबांचा जन्म दुकानांतले वजनकाटे तपासण्यात गेला होता आणि निवृत्तीनंतर तपासायला काही न उरल्यामुळे त्यांची झोप उडाली होती. त्यांनी जुनी पाहणी 'व्यक्तिसापेक्ष' म्हणून रद्द केली. यापुढे प्रत्येक भाडेकरूनं आपल्या वाफ्यांचे फोटो मोबाईलवर काढून पाठवायचे. मध्यवर्ती मंडळातलं एक यंत्र त्यांना स्पष्टतेचे गुण देणार. शंभरापैकी ऐंशीच्या खाली फोटो अग्राह्य. जे फोटोत सिद्ध झालं नाही, ते प्लॉटवर नाही. हे कलम चौदा, आणि ते मंडळाच्या यच्चयावत कारभाराला लागू होतं.

बाईंनी मुलीनं दिलेला मोबाईल काढला, नवलकोलांचा फोटो घेतला आणि पाठवला. यंत्राचं उत्तर तत्परतेनं आलं. 'आपल्या प्लॉटवर हिरवट धुकं आढळलं. धुकं हे पीक नाही. गुण: अकरा.'

शेजारच्या बत्तीस नंबरच्या कुंपणावरून एगोन विंकलर बघत होता. हा निवृत्त ट्रामचालक. दोघांच्या शेजाराला तीस वर्षं झाली होती, पण अजून अहो-जाहो सुटलेलं नव्हतं.

"काच पुसली होती का?" त्यानं विचारलं.

"कुठली काच?"

"मोबाईलच्या पाठीवर असते ती. तुम्ही अंगठा ठेवलाय तिथं."

बाईंनी अंगठा उचलला. खाली सकाळच्या केकचं लोणी होतं. त्यांनी काच हिरव्या ॲप्रनला पुसली. ॲप्रनलाही लोणी होतं. 'गुण: नऊ.'

"प्रगती आहे," एगोन म्हणाला. "उलटी, पण आहे."

आठवड्याभरात असे चाळीस प्लॉट धुक्यात गेले, तेव्हा लोबेकसाहेबांनी 'स्पष्ट छायाचित्रणाबाबत मार्गदर्शक सूचना' ही पुस्तिका काढली. मोबाईल दोन्ही हातांनी धरावा. कोपरं बरगड्यांना टेकवावीत. बटण दाबताना श्वास रोखावा. सत्तरीपुढच्या सभासदांनी श्वास रोखण्यास हरकत नसल्याचा डॉक्टरचा दाखला विहित नमुन्यात जोडावा. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्या डॉक्टरकडे गेल्या.

"श्वास कशासाठी रोखायचाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नवलकोलासाठी."

डॉक्टरांनी त्यांचं ब्लडप्रेशर दोनदा बघितलं आणि दाखला दिला.

दाखल्यासह काढलेल्या फोटोला एकोणतीस गुण मिळाले. उजेड कमी, असा शेरा होता. पुस्तिकेप्रमाणे सर्वोत्तम उजेड दुपारी एक ते तीन. बाईंनी दुसऱ्या दिवशी दीड वाजता बटण दाबलं. मोबाईल खट्‌ करून वाजला आणि कुंपणापलीकडून लोबेकसाहेबांचं डोकं वर आलं.

"पेट्झोल्डबाई, एक ते तीन विश्रांतीची वेळ. कलम एकवीस. आवाज करायचा नसतो."

"पण उजेड एक ते तीनच बरा असतो. तुमच्याच पुस्तिकेत आहे."

"आहे ना. उजेड असतोच. त्याला आम्ही बंदी केलेली नाही."

मोबाईलचा आवाज बंद करायला एगोननं शिकवलं. पण तरी हात हलायचा. श्वास रोखला की बाईंना शाळेतली पोहण्याची परीक्षा आठवायची आणि हसू फुटायचं. मग त्यांनी माळ्यावरून लोथारची कॅमेऱ्याची जुनी तिपाई काढली आणि मोबाईल वर बांधला. चौथ्या दिवशी पत्र आलं: सदर वस्तूस तीन पाय आहेत, ती जमिनीवर उभी आहे व तिची उंची एक मीटरहून जास्त आहे. सबब ती 'पायाविरहित बांधकाम' ठरते. परवानगीसाठी अर्ज करावा. निर्णयाचा कालावधी आठ महिने.

फोटो पोचवायची मुदत एकतीस जुलैपर्यंत होती. पत्र आलं तेव्हा त्यातले अठरा दिवस उरले होते.

बाईंनी शेवटी कॉफीच्या किटलीला टेकवून मोबाईल स्थिर केला. किटली बांधकामात येत नव्हती. हात हलला नाही, श्वास हलला नाही, हसू आलं नाही. यंत्रानं बावन्न गुण दिले आणि लिहिलं, 'पीक हललेलं आहे.'

"वारा होता," बाई लोबेकसाहेबांच्या कचेरीत म्हणाल्या. "पानं हलणारच. जिवंत आहेत ती."

"पिकानं छायाचित्रणाच्या वेळी स्थिर राहणं अपेक्षित आहे. ही जबाबदारी भाडेकरूची."

"मी सांगू का त्याला तसं?"

"लेखी सांगा," लोबेकसाहेब म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एगोननं कुंपणावरून हाक मारली. त्याच्या वाफ्यात ओळीनं बारा कोबी बसले होते. टपोरे, गोल, एकसारखे. बाई वाकून बघू लागल्या आणि त्यांनी एकाला हात लावला. तो थंडगार लागला.

"सिमेंट आहे हे," त्या म्हणाल्या.

"वर दोन हात रंग आहे. सत्त्याण्णव गुण," एगोन म्हणाला. "फक्त एकाला पंच्याण्णव. त्याच्यावर गोगलगाय बसली होती."

"आणि खरे कोबी?"

"उपटले. दोन्हीला जागा कुठली पुरणार? तुम्हालाही नवलकोल ओतून देऊ का? सिमेंट उरलंय."

"आणि सूप कशाचं करू, एगोन?"

"सुपाचा फोटो अजून मागितलेला नाही."

बाई नको म्हणाल्या. तत्त्व वगैरे काही नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं त्या हंगामाचा पहिला नवलकोल तिथेच उभ्या उभ्या, मीठ लावून खात आल्या होत्या, आणि त्यांचे दात आता चारच खरे उरले होते.

बाकीच्यांना एवढा विचार करायला वेळ नव्हता. दहा दिवसांत वसाहतभर सिमेंटचे भोपळे, प्लास्टिकचे टोमॅटो आणि वार्निश लावलेली लाकडी गाजरं उगवली. कुणी पाणी घालेना, कारण ओलं झालं की चमक येते आणि गुण जातात. गुणांची सरासरी शहाण्णव झाली. मध्यवर्ती मंडळानं 'शांत कोपरा' ही त्या वर्षीची सर्वांत सुपीक वसाहत असल्याचं जाहीर केलं. सप्टेंबरातल्या कापणीच्या जत्रेला मंडळाची माणसं स्वतः येणार, आणि रिवाजाप्रमाणे वसाहतीच्या भाजीचं सूप पिणार.

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला एकतीस नंबरच्या फाटकावर नोटीस ठोकलेली होती. प्लॉटवर कोणतंही पीक सिद्ध न झाल्यानं तीस ऑक्टोबरपर्यंत जागा रिकामी करावी. नोटिशीला घेवड्याचा एक वेल आधीच लपेटला होता. बाईंनी ती दोनदा वाचली. मग त्या खोपटात जाऊन बसल्या आणि बराच वेळ त्यांनी कॉफी केली नाही. लोथारचा फोटो काढायचा तर खिळाही काढावा लागेल, आणि तो खिळा लोथारनं वाकडा ठोकलेला होता, म्हणजे निघणार नव्हता.

सप्टेंबरात, जत्रेला दोन दिवस उरले असताना, लोबेकसाहेब फाटकाशी आले. हातात टोपी होती.

"पेट्झोल्डबाई, ऐंशी माणसांचं सूप करायचंय."

"करा की. वसाहत सुपीक आहे."

"भाजी हवी होती. खरी."

"माझ्याकडे कुठली? तुम्हीच फाटकावर लिहून गेलात, कोणतंही पीक नाही म्हणून."

लोबेकसाहेबांनी बाईंच्या खांद्यावरून आत बघितलं. घेवडा लोंबत होता, शेपू कमरेपर्यंत आला होता, आणि नवलकोल एवढे माजले होते की वाट बुजली होती.

"बसा," बाई म्हणाल्या. "केक आहे. आधी पाहणी करा, जुन्या पद्धतीनं. मग भाजीचं बघू."

लोबेकसाहेब बसले. केकचे दोन तुकडे गेले. दारूचा पहिला ग्लास त्यांनी नियमानं घेतला, दुसरा यजमानाचा अपमान होऊ नये म्हणून, आणि तिसरा स्वतःच ओतला. मग ते टोपीकडे बघत म्हणाले,

"तुम्हाला एक सांगू का? तुमची नोटीस लागू झालेली नाही."

"अशी कशी? ठोकली तुम्ही. वाचली मी."

"वाचून काय होतं? बजावल्याचा फोटो पाठवावा लागतो. कलम चौदा. मी पाच वेळा काढला. कोपरं टेकवली, श्वास रोखला. तो मेला वेल हलतोय, कागद फडफडतोय. एकोणीस गुण." त्यांनी खिशातून मोबाईल काढून दाखवला. पडद्यावर एक पांढरट धुकं होतं. "माझा पहिला नापास निकाल आहे हा, आयुष्यातला."

बाईंनी त्यांना तिसरा तुकडा वाढला. ज्याला दाढदुखी आहे त्याला वाढावा तसा.

"म्हणजे माझी भाजी सिद्ध नाही, आणि तुमची नोटीसही सिद्ध नाही."

"नाही. फाईल प्रलंबित आहे."

"किती दिवस राहते ती प्रलंबित?"

"सात नंबरची फाईल माझ्या आधीच्या अध्यक्षांच्याही आधीची आहे. ते भाडेकरू वारले. फाईल ठणठणीत आहे."

बाईंनी थोडा विचार केला. त्या प्रामाणिक होत्या, म्हणून त्यांनी विचारलंच. "पण उद्या वारा पडला, तर काढाल की फोटो?"

लोबेकसाहेबांनी वर बघितलं. चेरीचं एक पानही हलत नव्हतं.

"वारा राहील," ते म्हणाले आणि त्यांनी ग्लास पुढे केला.

जत्रा झकास झाली. कायद्यानं अस्तित्वात नसलेल्या भाजीचं सूप ऐंशी माणसांनी दोनदा मागून घेतलं. मंडळाच्या पाहुण्यांनी शेपूचं खास कौतुक केलं आणि हे कुठल्या प्लॉटचं म्हणून विचारलं. तेव्हा बाकीचे एकसष्ट प्लॉटधारक आपापल्या बशीत बघू लागले. शेवटी सर्व सभासदांचा एकत्र फोटो ठरला. मोबाईल परवानगी मिळालेल्या तिपाईवर होता. ही तिपाई अध्यक्षांची होती. सगळ्यांनी कोपरं टेकवली, श्वास रोखला आणि डोळे ताणून उघडे ठेवले. नेमकं तेव्हा पेट्झोल्डबाई सुपाचं पातेलं घेऊन येत होत्या. श्वास रोखून जांभळा पडलेला एगोन त्यांना दिसला आणि त्यांना हसू फुटलं.

फोटोला अठ्ठ्याण्णव गुण मिळाले. यंत्रानं हजेरीही लावली: 'उपस्थित: एकसष्ट सभासद व एक हिरवट धुकं.'

एगोननं त्याची प्रत काढून बाईंना आणून दिली. एकसष्ट चेहरे त्यात स्वच्छ होते, भुवईचा केस न केस मोजता येत होता, आणि एकजात सगळे कुणाच्या तरी अंत्ययात्रेला उभे असल्यासारखे दिसत होते. बाईंनी तो फोटो लोथारच्या शेजारी टांगला. त्यासाठी नवा खिळा त्यांनीच ठोकला, आणि तोही वाकडा गेला.

"तुम्ही कुठं आहात यात?" एगोननं विचारलं, आणि लगेच बोट ठेवलं. "ह्या. ह्या तुम्ही. दुसरं कोण असणार?"

वाचक म्हणतील, असलं यंत्र आमच्याकडे नाही बुवा. खरं आहे. आपल्याकडे ते काम आपण हातानंच करतो. जागा कमी पडते म्हणून गेल्या रविवारी तुम्ही मोबाईलमधले खराब फोटो निवडून पुसलेत. त्यात एक तुमच्या आईचा होता. ती 'अरे नको, नको' म्हणत तोंडावर पदर घेऊन हसत होती, त्यामुळे सगळाच हलला होता. तो गेला. कोपरं टेकवून खुर्चीत बसवलेले बाकीचे अकरा आहेत, सगळे स्पष्ट. कलम चौदाप्रमाणे तुमचं काहीही चुकलेलं नाही.