खेचर क्रमांक २१७, सोबत इसम दोन

चाकणच्या अलीकडे जिथे चार कंपन्यांचे रस्ते एकमेकांत घुसतात आणि तिन्ही शिफ्टना वाहतूक तुंबते, त्या चौकात वीरस्मारक उभारायचं ठरलं. रस्ता रुंद करणं शक्य नव्हतं, तेव्हा तो निदान पवित्र तरी करावा, असा त्यामागचा थोर विचार होता. त्यासाठी 'शौर्यचौक उभारणी समिती' स्थापन झाली. समितीनं परिसरातल्या युद्धवीरांची नावं मागवली. चौकालगत ज्यांची वीस गुंठे कोथिंबीर अजून तग धरून होती, ते मारुतराव येळवंडे धुतलेला सदरा घालून समितीच्या ऑफिसात हजर झाले.

मारुतरावांचं वय चौऱ्याहत्तर. एकाहत्तरच्या लढाईत ते लष्कराच्या खेचर तुकडीत होते. भरतीच्या वेळी साहेबानं विचारलं होतं, "काय येतं?" मारुतराव म्हणाले होते, "बैल हाकता येत्यात." साहेबाच्या मते फरक किरकोळ होता. चौदा महिने मारुतरावांनी बंदुकीला हात लावला नाही. पीठ, डाळ, रॉकेल आणि काडतुसं पाठीवर लादलेलं खेचर डोंगरातल्या चौक्यांवर पोचवायचं, एवढंच काम. जोडीला आकुर्डीचा साहेबराव ओव्हाळ. दोघांत एक खेचर आणि जेवायला एक ताट.

डिसेंबरात पायवाटेवर तोफगोळा पडला. साहेबराव कोसळला. मारुतराव त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले. खेचर मात्र सवयीनं एकटंच वर गेलं.

लढाई संपल्यावर मारुतराव साहेबरावाची ट्रंक घेऊन आकुर्डीला गेले. त्याच्या बायकोनं, गिरजाबाईनं, पाण्याचा तांब्या पुढे केला. मारुतरावांनी ट्रंक उंबऱ्यावर ठेवली, तांब्याकडे न बघता नमस्कार केला आणि परत फिरले. डोंगरातल्या एका ताटाची गावाकडे येईपर्यंत दोन झाली होती. ही गोष्ट त्यांनी चौपन्न वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. कुणी विचारलीही नव्हती.

"माझं नाव नगं," मारुतराव समितीचे सचिव जयदीप यांना म्हणाले. "साहेबरावाचं तेवढं दगडावर घाला."

जयदीप यांनी कॉम्प्युटरवर अर्ज उघडला. "शत्रू किती मारले?"

"एकबी न्हाई. पीठ पोचवलं."

"शून्य चालत नाही, आजोबा. रकाना लाल होतो."

"मंग काय टाकू?"

"अंदाजे टाका. बाकीच्यांनी टाकलेत."

मारुतरावांना अंदाजे माणसं मारता येईनात. शेवटी जयदीप यांनी मोठ्या मनानं मार्ग काढला. लष्कराच्या जुन्या दफ्तरातून साहेबरावाचा कागद मागवायचा. तीन महिन्यांनी उत्तर आलं. बिनलढाऊ माणसांची रजिस्टरं नियमानुसार नष्ट केली होती. जनावरांची मात्र औषधपाण्याच्या नोंदीमुळे कायमस्वरूपी जतन केली होती. त्यात लिहिलं होतं: 'खेचर क्र. २१७, सोबत इसम दोन. गोळाबारीत एकटे चौकीवर पोचले. सामान पूर्ण.'

जयदीप यांचे डोळे भरून आले. "आजोबा, केस एकदम स्ट्राँग आहे!"

"साहेबरावाची?"

"खेचराची."

समितीची तातडीची सभा झाली. जखमी अवस्थेत पडून राहणं ही घटना दुःखद, पण शौर्यात बसत नाही. जखमीजवळ बसून राहणं ही तर कामावरची गैरहजेरी. खेचरानं मात्र दिलेलं उद्दिष्ट पूर्ण केलं. ठराव एकमतानं मंजूर झाला. फक्त एक तांत्रिक अडचण उरली, आणि तिच्यासाठी मारुतरावांना परत बोलावण्यात आलं.

"सत्कारमूर्ती हयात आहेत का?" जयदीप यांनी विचारलं.

"खेचर? आवो, पन्नास वर्सं झाली!"

"मग मृत्यूचा दाखला लागेल. हयात असतील तर शाल, नसतील तर हार. अंदाजपत्रकात दोन्हींपैकी एकच धरलंय."

दाखला मिळाला नाही, म्हणून शाल मंजूर झाली. पुतळ्याचं काम ज्या शिल्पकाराला दिलं, त्याच्याकडे दुसऱ्या गावानं रद्द केलेला एक घोडा तयार पडला होता. पुढचे दोन्ही पाय वर, आयाळ वाऱ्यावर. खेचराचे कान नागरिकांना रुचणार नाहीत, असा अभिप्राय त्यानं लेखी दिला. पुतळा मूळ वीरासारखा दिसावा अशी अट निविदेत नव्हतीच.

"आन साहेबराव?" मारुतरावांनी विचारलं.

"दगडावर 'सोबत इसम दोन' कोरलंय ना? आले की ते त्यात. तुम्हीसुद्धा आलात. अर्ज न भरता!"

हे गिरजाबाईला कसं सांगावं, या विचारात मारुतराव आकुर्डीला गेले. गिरजाबाई आता सत्तरीच्या पुढे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"इसम म्हंजी काय वो?"

"मानूस."

"मग बरंय," गिरजाबाई म्हणाल्या. "मानूस हाय, येवढं तरी मानलं." मग उठता उठता म्हणाल्या, "च्या ठेवू? का आजबी उभ्या उभ्याच?"

मारुतराव मटकन खाली बसले. चहा बशीत ओतताना अर्धा सतरंजीवर सांडला. गिरजाबाईंनी बशी पुन्हा भरली.

अनावरणाच्या दिवशी वाहतूक दोन तास बंद ठेवण्यात आली. एरवी ती आपोआप बंद असायची. त्या दिवशी अधिकृतपणे होती. प्रमुख पाहुण्यांनी घोड्याच्या गळ्यात शाल घातली आणि भाषणात सांगितलं, "या मुक्या जिवानं कधी ओव्हरटाइम मागितला नाही. युनियन केली नाही. सोबतचे गळाले तरी ओझं टाकलं नाही. आमच्या कंत्राटी कामगारांनी यांचा आदर्श घ्यावा." पहिल्या रांगेत बसलेल्या कंपन्यांच्या मॅनेजरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

'वीराचे परिचित' म्हणून मारुतरावांना दोन मिनिटं मिळाली. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"साहेबराव लगेच न्हाई गेला. अर्धा तास होता," ते म्हणाले. "सारखा इचारायचा, वर पोचलं का रं? पोरं उपाशी असतील. मी म्हनलो, पोचलं. मला काय ठाव नव्हतं. मी खोटंच बोललो. मग त्यानं डोळं मिटलं."

एवढ्यात ध्वनिक्षेपक सलामीच्या बँडला द्यायचा असल्यामुळे तो काढून घेण्यात आला. मांडवात गिरजाबाई तेवढ्या रडत होत्या. त्यांना आजवर नवरा जागच्या जागी गेला एवढंच ठाऊक होतं.

तेव्हापासून दर रविवारी गिरजाबाई बसनं चौकात येतात. मारुतराव कोथिंबिरीतून उठून येतात. गुडघे धरत चौथऱ्यापाशी बसून ते खडूनं लिहितात: साहेबराव ओव्हाळ, आकुर्डी. गिरजाबाई अक्षरांवरून एकदा डोळे फिरवतात, कुठं काना राहिला असला तर सांगतात. सोमवारी स्मारकाचं पावित्र्य राखण्यासाठी टँकरनं चौथरा धुतला जातो.

चौकात गाड्या अडकल्या, की कंटाळलेली माणसं खाली उतरून घोड्याबरोबर सेल्फी काढतात. घोडा खरोखरच फोटोत छान येतो. "आजोबा, आजी, जरा सरकता का? मध्ये येताय," कुणीतरी अदबीनं म्हणतं. दोघंही निमूट सरकतात.

त्या रस्त्यानं तुम्हीही जाताच. फोटो तुमच्याही मोबाइलमध्ये असेल. काढून बघा. उजव्या कडेला खडू धरलेला एक सुरकुतलेला हात आहे. तुम्ही तो अजून कापला नसेल, तर.