सात मतं, एक छत्री आणि मनुबाई

"मिल्ट्रीत मी बुटांच्या गोदामावर होतो, भाऊसो. जवान दारात यायच्या आधी मी त्याच्या पायाचं माप सांगायचो. आता मनाचं सांगतोय. साताऱ्यापासनं सांगलीपातुर असा डिटेक्टिव्ह दुसरा न्हाई. आसला तर माझ्या नजरंला पडला न्हाई."

हे आत्मचरित्र हिंदुराव उसाच्या सरीत पालथे पडून सांगत होते. शेजारी त्यांचे मेहुणे भाऊसो, तेही पालथेच. दाजींच्या नजरेला न पडलेल्या गोष्टी भाऊसोंना बऱ्याच ठाऊक होत्या, पण थोरल्या बहिणीचा नवरा म्हटल्यावर बोलायची सोय नव्हती. मोटरसायकल भाऊसोंची, पेट्रोल भाऊसोंचं आणि बुद्धी दाजींची, अशी वाटणी पहिल्यापासून होती.

केस ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची होती. कपबशी चिन्हाच्या पॅनेलचे पुढारी सयाजीराव यांनी वॉर्डातलं प्रत्येक घर मोजून ठेवलं होतं. फक्त ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची मनुबाई आणि तिच्या घरातली सात मतं कुठेच बसत नव्हती. वस्तीच्या रस्त्याचा मुरूम ओढ्यापर्यंत येऊन थांबला होता. पुढे चिखल. सयाजीराव म्हणायचे, "काय करणार, आचारसंहिता लागली. पण मतं आपली हायत असं कळलं, तर खासगीतनं मुरूम टाकू." आचारसंहिता इतकी समजूतदार असते हे भाऊसोंना नव्यानेच कळलं. पण मनुबाईची सून शिवांजली हिला नववा महिना लागला होता, आणि तिला न्यायला येणारी जीप ओढ्याच्या अलीकडेच थांबणार होती. काल ती कुंपणाला धरून त्या चिखलातून चालताना भाऊसोंनी पाहिली होती.

"बघ!" हिंदुराव कुजबुजले. मनुबाईनं घासलेल्या कपबशा अंगणातल्या कट्ट्यावर पालथ्या घातल्या. "कपबशी! छुपा पाठिंबा."

"छुपा म्हंजे?"

"कुणाला दिसू द्यायचा न्हाई, असा."

"मग आपल्याला कसा दिसला?"

"म्हणूनच तर सयाजीरावांनी मला नेमलंय."

ही बातमी सयाजीरावांना फोनवर कळवेपर्यंत मनुबाईच्या मुलानं भिजलेली छत्री उन्हात उघडून ठेवली. छत्री हे विरोधी पॅनेलचं चिन्ह. हिंदुरावांच्या कपाळाला घाम आला.

"पक्षांतर! दिवसाढवळ्या!"

"दाजी, काल अवकाळी झाला न्हवं का?"

"अवकाळी सगळ्यांच्याच घरावर झाला. छत्री हिनंच का वाळत घातली?"

तेवढ्यात घरातून कुकरची शिट्टी झाली. एक नाही, तीन झाल्या. तिसरे उमेदवार अपक्ष होते आणि त्यांचं चिन्ह प्रेशर कुकर होतं. हिंदुराव उठून बसायला गेले आणि उसाच्या पात्यानं त्यांचा कान कापला.

"बंडखोरीच हाय ही. आता शब्द नीट समजून घे. तिकीट न मिळालेला तो बंडखोर. तिकीट मागायलासुद्धा जमलं न्हाई तो निष्ठावंत. आन तिकिटाच्या आधीच बंड करून बसला तो अपक्ष."

"आन जो कुणाचाच न्हाई, नुसतं मत देतो, तो?"

"असा माणूस नसतो," हिंदुराव ठामपणे म्हणाले. "जो असतो, तो फक्त अजून आपल्याला सापडलेला नसतो."

दुपारी मनुबाईनं कपबशा, छत्री सगळं आत नेलं आणि अंगण झाडून रिकामं केलं. हिंदुराव बराच वेळ त्या रिकाम्या अंगणाकडे बघत राहिले. मग हताश होऊन म्हणाले, "नोटा. म्हंजे वरीलपैकी कुणीच न्हाई."

नेमकी त्याच वेळी मुक्ताबाई ओढ्याकडून आली. म्हणजे हिंदुरावांची बायको आणि भाऊसोंची आक्का. एका हातात लोणच्याची बरणी, दुसऱ्या हातात चिखलानं भरलेल्या चपला. उसातून बाहेर आलेले दोघांचे पाय तिला दिसले. तिनं त्यांना काही विचारलं नाही, सरळ अंगणात गेली.

"मने, पोरीला लोणचं आणलंय. काय गं, मत कुणाला देणार?"

"आजून ठरलं न्हाई बघ," मनुबाई म्हणाली. "ही बया दवाखान्यात कशी जायाची, ह्याचाच घोर लागलाय. बघू मतदानाच्या आधी."

एवढंच होतं. हिंदुराव उसातून उठले. "ठरलं न्हाई म्हंजे? असं कुठं असतंय व्हय?"

"आवं, तुमी इचारलं होतं का तिला?" मुक्ताबाईनं विचारलं.

डिटेक्टिव्हनं विचारायचं असतं, ही गोष्ट हिंदुरावांच्या नजरेला पडली नव्हती.

त्या संध्याकाळी भाऊसोंनी आयुष्यात पहिल्यांदा दाजींच्या परवानगीशिवाय तपास केला. 'सात मतं अजून ठरायची हायत' हे त्यांनी सयाजीरावांना सांगितलं, आणि मग चहाच्या गाड्यावर छत्रीवाल्यांना ऐकू जाईल अशा बेतानं पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडे दोन्हीकडचे ट्रॅक्टर मुरूम ओतत होते. आचारसंहितेमुळे कुणाचंही नाव नव्हतं. निवडणूक पथकाच्या साहेबांनी विचारलं तेव्हा कपबशीवाले म्हणाले, मुरूम आमचा नव्हे, आणि छत्रीवालेही म्हणाले, आमचा नव्हे. कुणाचाच नसलेला तो रस्ता चांगला रुंद झाला. चौथ्या दिवशी पहाटे जीप थेट दारात आली, शिवांजली वेळेत दवाखान्यात पोचली, मुलगी झाली. ही बातमी ऐकून भाऊसोंनी फोन ठेवला आणि डोळे पुसले.

निवडणूक झाली. सयाजीरावांचं पॅनेल आलं, पण त्या वॉर्डात छत्री निघाली. सयाजीरावांना झोप लागेना. बारशाला ते स्वतः आले, बाळाच्या हातात नोट ठेवली आणि हळूच म्हणाले, "मावशी, आता तर झालं. सांगा की, मतं कुणाला दिली?"

हिंदुरावांनी कान टवकारले.

मनुबाईनं सयाजीरावांच्या ओंजळीत बारशाच्या गरम घुगऱ्या वाढल्या. "सयाजीआप्पा, मुरूम कुणी टाकला ते तुमी दोघांनीबी साहेबाला सांगितलं न्हाई. मग मत कुणाला टाकलं, ते आमी कशाला सांगावं? खावा, गरम हायत."

सयाजीराव घुगऱ्या चावत राहिले. हिंदुराव भाऊसोंच्या कानाशी लागले, "केस परत उघडावी लागंल." भाऊसो इतके हसले, की पाळण्यातलं बाळ जागं झालं.