मंद उजेडातल्या भिंगाची रीतसर निवड

‘दिव्यापाशी बसलेच आहे, तर काढा की माझा एक फोटो,’ हे वाक्य घड्याळजींच्या बायकोने लग्नाच्या दुसऱ्या वर्षी उच्चारले होते. मंद उजेडातला फोटो माणूस काढत नसून भिंग काढते, हे सर्वमान्य सत्य असल्याने, घड्याळे दुरुस्त करून पोट भरणाऱ्या त्या गृहस्थाने घाई केली नाही. यंदा त्या वाक्याला एकवीस वर्षे झाली.

(मध्यंतरी मोठा दिवा लावण्याची सूचना आली होती. तेवढ्याने भिंगाची गरजच संपेल, या कारणास्तव ती फेटाळण्यात आली.)

कॅमेरा रेंजफाइंडर. थोर प्रकार. यात भिंगातून बघण्याचा गावठीपणा नसतो. वर एक निराळी खिडकी असते. तिच्यातून समोरचा माणूस दोनदा दिसतो, आणि भिंगाची कडी फिरवत त्या दोन आकृती एकीवर एक बसवायच्या असतात. भिंग जितके वेगवान (म्हणजे भोक मोठे, आणि किंमत त्याहून मोठी), तितका नेम अवघड. पापणी साधली तर नाक जाते. एका फोटोला सरासरी अकरा मिनिटे लागतात.

अखेर लेन्सप्रेमी मंडळाने तीन भिंगे चाचणीसाठी दिली. तिन्ही पन्नास एमएमची: १.४, १.२ आणि ०.९५ (आकडा जितका लहान, तितके भोक मोठे). धूळ बसू नये म्हणून घड्याळजींनी तिन्हींच्या तोंडावर काळी टोपणे घट्ट बसवली आणि कामाला सुरुवात केली.

वेळ संध्याकाळी सात. खोली तीच, दिवा तोच, बायको तीच. तिने शर्टाला बटण लावत बसायचे.

‘हनुवटी जरा वर. आता हलू नकोस.’

‘मी कुठं जातेय. बघा तुम्ही सावकाश.’

सुई वर, सुई खाली. आणि खिडकीत तिच्या दोन आकृती लपंडाव खेळणाऱ्या बहिणींसारख्या जवळ येत, निसटत, पुन्हा जवळ येत. चाचणीवहीत बारीक नोंदी झाल्या. ‘कानाशेजारी तीळ. (पूर्वीची नोंद सापडत नाही.)’ ‘हसताना डावा गाल आधी हलतो.’ असे रोज तासभर, एकोणीस संध्याकाळी. बटण मात्र तेच होते. सकाळी ते पुन्हा निघालेले असे. (हल्ली दोऱ्यात दम राहिला नाही.)

रोल धुऊन आले. एकशे आठ फोटो, आणि एकशे आठही पूर्ण काळे.

मंडळाची सभा भरली. अध्यक्ष व्यवसायाने दातांचे डॉक्टर. त्यांनी प्रत्येक फोटो आधी दिव्याखाली, मग नाकाखाली धरला.

‘१.४चा काळा कोरडा आहे. १.२चा कडेला सैल पडतो. पण हा ०.९५चा…’ त्यांनी चष्मा पुसला. ‘हा काळा मायाळू आहे हो. यात माणूस जाणवतो.’

एका सदस्याने ही माया चौदा टक्क्यांनी जास्त असल्याचे मोजून दाखवले. ०.९५ बिनविरोध निवडून आले.

घड्याळजींनी घरी येऊन तिन्ही गठ्ठे बायकोपुढे मांडले. ‘मंडळाचं ठरलंय. उद्या दोन भिंगं परत जातील, चाचणी संपली. पण तू कशात चांगली आलीस, ते तूच सांग.’

तिने फोटो पाहिले. एकवार वर, एकवार खाली. मग सुई उशीला टोचून ठेवली.

‘अहो, टोपण होतं.’

‘कधी?’

‘रोज.’

त्यांनी भिंगाकडे पाहिले. टोपण होतेच. (वाचकालाही ते बसवल्या क्षणापासून ठाऊक होते, आणि त्यानेही चकार शब्द काढला नाही. त्याची सबब मंडळाकडे अद्याप आलेली नाही.)

‘अगं, समोर तूच बसायचीस. दिसत होतं, तर बोलली का नाहीस?’

तिने शर्ट मांडीवर ओढला आणि नीट बसलेले बटण हळूच उसवायला घेतले.

‘बोलले असते, तर पहिल्याच दिवशी फोटो निघाला असता,’ ती म्हणाली. ‘मग रोज तासभर माझ्याकडे कोण बघत बसलं असतं?’