फोटोत साधं दिसायचं होतं

पिंपळगाव राजा या गावी लग्नाला निघायच्या दिवशी राखी सात मिनिटांत तयार झाली. नवरा गजेंद्र अजून बूट हातात घेऊनच उभा होता. लग्नाला बारा वर्षं झाली, पण बायको आधी तयार आणि आपण मागे, असा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता.

"बाकीचं कधी घालतं?" त्याने विचारलं.

"बाकीचं काई नाई. एवढंच."

एवढंच म्हणजे बारीक काठाची फिकी निळी सुती साडी, कानात मोत्याचे टॉप्स, गळ्यात शाळेत जाताना घालायचं बारीक मंगळसूत्र आणि हातात घड्याळ. राखी डोणगावला शाळेत शिकवायची. घराण्यातल्या मागच्या नऊ लग्नांच्या अल्बममध्ये ती होती, म्हणजे असावी. हारांच्या वर आणि नथीच्या मागे जे थोडंफार तोंड दिसायचं, ते तिचंच आहे हे साडीवरून ओळखावं लागायचं. या वेळी तिला एकच गोष्ट हवी होती : अल्बममध्ये स्वतःसारखा दिसणारा स्वतःचा एक फोटो.

"चांगली दिसतं," गजेंद्र म्हणाला. मग एक बूट घालून झाल्यावर म्हणाला, "पन लोक काय म्हनतीन?"

"चांगली दिसते, म्हनतीन."

दोघं बसने निघाले.

लग्न गजेंद्रच्या चुलतभावाचं, शिवमचं होतं. शिवमची आई वच्छलाबाई मांडवाच्या दारातच भेटल्या. त्यांनी राखीला जवळ घेतलं आणि पाठीवरचा हात हळूच मानेपर्यंत नेला. वच्छलाबाईंचा हात म्हणजे डॉक्टरच्या गळ्यातली नळी होती. टेकला की आतलं सगळं कळायचं.

"पोत कुठी हाय व?"

"घरी हाय, काकू."

"अन् पाटल्या?"

"त्या बी घरीच."

"बसनं आली ना तू?"

"हाव."

वच्छलाबाईंना एवढं पुरलं. मागच्याच महिन्यात त्यांच्या शेजारणीची पोत बसमध्ये चोरीला गेली होती, आणि तीही आठ दिवस सगळ्यांना 'घरी हाय' असंच सांगत होती.

"गजेंद्रले समजलं नाई ना अजून?" त्यांनी आवाज उतरवून विचारलं.

"त्याईले काय समजते दागिन्यातलं," राखी हसून म्हणाली. "काकू, मले आता साधंच आवडते."

"हाव माय," वच्छलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता आवडूनच घ्या लागते."

दहा मिनिटांनी धाकटी जाऊ करिष्मा राखीला ओढत आहेराच्या साड्या ठेवलेल्या खोलीत घेऊन गेली. तिने दार लोटलं, स्वतःच्या गळ्यातली पोत काढली आणि राखीच्या गळ्यात घातली.

"हे राहू दे. दादाले गळ्यात पोत दिसली पाह्यजे. बाकी मंग पाहू."

"अवं, काईच चोरीले गेलं नाई माह्यं."

"मी सांगून राह्यली का कोनाले?" असं म्हणून करिष्मा रडायच्या बेतात आली. ती पार्लरमध्ये दोन तास बसून आली होती. फोटोच्या आधी ते काजळ आपल्यापायी वाहावं, असं राखीला वाटेना. तिने पोत राहू दिली. एकच तर होती.

करिष्मा खोलीतून बाहेर पडली आणि समोर नणंद कोकिळा आली.

"तुई पोत कुठी गेली व?"

करिष्माने शब्द दिला होता, म्हणून तिने राखीचं नाव घेतलं नाही. "घरी हाय," ती म्हणाली.

कोकिळाच्या हातातला अक्षतांचा द्रोण खाली आला. राखीचं तिने ऐकलंच होतं, पण करिष्मा तर कारने आली होती. म्हणजे चोर बसमध्ये नव्हताच. चोर मांडवात होता.

मंगलाष्टकं सुरू असताना बायकांचा एक हात अक्षता टाकत होता आणि दुसरा गळ्यावर होता. टाळी कोणालाच वाजवता आली नाही. अक्षता संपल्यावर सगळ्या जणी शिवमचे वडील किसनराव यांच्याभोवती जमल्या. दागिने ठेवायचे कुठे? खोलीला कडी नव्हती. पिशवीला ब्लेड मारतात. नवऱ्याकडे द्यावेत असं कोणीतरी सुचवलं, तेव्हा कोकिळा म्हणाली, "मानसाच्या खिशात रुमाल टिकत नाई." त्यावर चर्चा झाली नाही.

किसनरावांनी विचार करून निकाल दिला. "राखीपाशी ठेवा. चोराच्या मतानं ते पोरगी खाली झालेली हाय. तो आता तिच्याकडं पाहनार बी नाई."

"काका, माह्या पर्समध्ये—"

"पर्स हिसकते बाई. आंगावर घाल. आंगावरचं चार लोकाईले दिसते."

पाव तासात राखीच्या अंगावर सहा गळ्यांतलं सोनं, कोपरापर्यंत पाटल्या आणि कोकिळाची नथ चढली. निळी साडी आता फक्त गुडघ्याखाली दिसत होती. किसनरावांनी बुंदी वाढणाऱ्या दोघांना झारे घेऊन तिच्या दोन बाजूंना उभं केलं.

गजेंद्र जेवून हात पुसत आला. त्याने बायकोकडे पाहिलं, झाऱ्यांकडे पाहिलं.

"तू तं साधी येनार होती ना?"

"हाव."

"मंग हे काय?"

"माह्याकडं चोरी झाली म्हनते."

गजेंद्रने थोडा वेळ विचार केला. "चोरीत एवढं भेटते?"

फोटोची वेळ आली तेव्हा राखीने शेवटचा प्रयत्न केला. "आता तरी आपापलं घ्या. फोटोपुरतं."

"फोटोच्याच टायमाले गर्दी असते," किसनराव म्हणाले.

घरातल्या साऱ्या बायका स्टेजवर उभ्या राहिल्या. गळे मोकळे होते. कोकिळाची मान लांब आणि देखणी आहे, हे तिच्या सख्ख्या भावालाही आज कळलं. वच्छलाबाईंच्या गळ्याखाली एक तीळ होता. किसनराव फोटोवाल्याच्या मागे उभे होते. तिथून त्यांनी तो तीळ एकदा पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला. मधोमध राखी होती, दोन झाऱ्यांच्या मध्ये.

नवरीची बहीण निशिगंधा मोबाईलवर फोटो पाहत पाहत बायकांत येऊन बसली.

"काकू, तुमच्या घरच्या साऱ्याजनी किती साध्या अन् किती सुंदर दिसून राह्यल्या. ठरवून केलं का?"

वच्छलाबाईंनी मोबाईल हातात घेतला. बराच वेळ स्वतःकडे पाहिलं. बाकीच्याही वाकून पाहायला लागल्या. पोत परत मागायचं कोणी नाव काढलं नाही.

"हाव," वच्छलाबाई म्हणाल्या. "आमच्याकडं असंच असते."

निशिगंधा उठली, सरकत सरकत राखीजवळ आली आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "ताई, राग नका मानू. तुमी बी एखांद्या लग्नात साधं राहून पाहा. तुमाले शोभन."

राखीला तिचं मनापासून पटलं. तिने मान हलवायचा प्रयत्न केला. ती हलली नाही.