मनुबाईचे बोंबील आणि बारा डब्या

मनुबाईने निखाऱ्यांवर सुके बोंबील टाकले आणि छताखालची डबी किंचाळू लागली. तिच्यापाठोपाठ वस्तीतल्या उरलेल्या अकराही पत्र्याच्या घरांतल्या डब्या किंचाळल्या. अलिबागला कॉलेजात शिकणाऱ्या कल्पिताने धूर ओळखणाऱ्या त्या डब्या स्वस्तात जुळवून आदल्याच दिवशी बसवल्या होत्या. एका घरात धूर झाला की सगळीकडे आवाज व्हायचा आणि त्या घराच्या दारावर लाल दिवा लागायचा. शेजारचा धर्माजी बादली घेऊन धावला आणि काही न विचारता त्याने ती चुलीवर ओतली.

"मेल्या, माझं बोंबील!"

"घर वाचवलं तुझं वैनी, त्याचं काय न्हाय?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मात्र वस्ती शहाणी झाली. डबी वाजली की लोक बादलीऐवजी ताटात भाकरी घेऊन मनुबाईच्या दारात हजर! दारात आलेल्याला नाही म्हणायची तिची रीत नव्हती. आठवडाभरात पावसाळ्यासाठी साठवलेले बोंबील तळाला गेले.

"कल्पे, काढ ती डबी. पावसात मी काय खाऊ?"

"मावशी, गेल्या साली चार घरं जळली, तुमचंपण. तवा कुणाला वेळेवर कळलंच न्हाय. आता एक काढली तर सगळेच काढायला लावतील."

मनुबाईला ते जळकं घर आठवलं, पण रिकामा होत आलेला डबा समोर होता. "रविवारी काढ," ती म्हणाली.

रविवारी दुपारी कल्पिता पडल्या चेहऱ्याने पक्कड घेऊन आली, तेवढ्यात डब्या वाजल्या. सगळे ताटं घेऊन धावले. रांगेत पहिला धर्माजी, तो बाहेर अंगणातच ताट घेऊन बसला होता.

मनुबाई रिकामा हंडा घेऊन नळावर निघाली होती. "आज चूलच न्हाय पेटवली मी!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. लाल दिवा धर्माजीच्या दारावर होता. चार्जरची वायर जळून पडद्याने पेट घेतला होता. कल्पिताने मेन स्विच पाडला. बादल्या कुणाकडेच नव्हत्या, पण संडासाच्या बांधकामाची रेती दोन वर्षं तिथे नुसती पडून होती. लोकांनी ताटाताटांनी ती आत फेकली. पडदा आणि गादी गेली, घर वाचलं.

कल्पिताने हळूच विचारलं, "मावशी, काढू डबी?"

"हात तर लावून बघ!" मनुबाईने डोळे पुसले, आत जाऊन चूल पेटवली आणि उरलेले बोंबील निखाऱ्यांवर टाकले.

डब्या वाजल्या. धर्माजी धावत आला. एका हातात ताट, दुसऱ्या हातात भरलेली बादली.

"बादली आधी भायेर ठेव," मनुबाई म्हणाली, "मगच आत ये."